ब्रेक नसलेलं यान

सोमवार, ३

आज मला शेजारच्या सीटवरून उतरवलं.

शेजारची सीट म्हणजे आमच्या मोटार ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीतली, शिकाऊ माणसाच्या बाजूची. तिच्या पायाशी दुसरा ब्रेक असतो. स्कूल थोरल्या बहिणीचं, ताईचं, पण ती सीट माझी. गाड्या बदलल्या, शिकणारे आले नि गेले, मी मात्र तिथंच.

निमित्त झालं एका ग्रंथपाल बाईंचं. चांगल्या महिनाभर माझ्याकडे शिकल्या. परीक्षेच्या दिवशी गाडीसमोर कुत्रं आडवं आलं, तर बाई स्टिअरिंग घट्ट धरून वाट बघत बसल्या. परीक्षक ओरडला, "अहो, ब्रेक!" बाई म्हणाल्या, "तो तर सर दाबतात ना." कुत्रं शहाणं होतं म्हणून वाचलं. बाई नापास.

ताईनं मला ऑफिसात बोलावून दार लावून घेतलं. "तुझ्या हाताखालून गेलेल्यांना आपल्या पायाखाली ब्रेक असतो हेच ठाऊक नसतं," म्हणाली.

मी म्हटलं, "इतक्या वर्षांत एक तरी अपघात झालाय का?"

"अपघात व्हायला आधी गाडी चालावी लागते," ती म्हणाली.

निकाल असा: महिनाभर सक्तीची रजा. महिनाअखेरीला माझी परीक्षा. ताई मागे बसणार, कुणीतरी नवशिकं चालवणार, मी शेजारी. विनाकारण ब्रेक दाबला नाही तर सीट माझी. दाबला तर ऑफिसातली खुर्ची आणि फोन, कायमचा. तिकडं डॉक्टरांनीही रक्तदाब बघून कपाळाला आठ्या घातल्या. "मन कशात तरी रमवा," म्हणाले.

घरी येऊन सांगितलं तर ही म्हणाली, "बरं झालं." मग जीभ चावून म्हणाली, "म्हणजे, विश्रांती मिळेल हो."

टायरवाल्यानं दिलेली ही डायरी कोरीच पडली होती. म्हटलं, हिच्यातच मन रमवू.

बुधवार, ५

मेहुणा आला. हिचा धाकटा भाऊ. दातांच्या कवळ्या बनवतो. दिवसभर लोकांच्या दातांत डोकं घालायचं आणि संध्याकाळी कॉम्प्युटरवर यान घेऊन अवकाशात पसार व्हायचं, असा त्याचा शिरस्ता आहे. रक्तदाब कधी चढलेला ऐकला नाही.

"भाऊजी, तुम्हाला अवकाशयान चालवायचा गेम पाहिजे," तो म्हणाला. "तिथं रस्ता नाही, सिग्नल नाही, मागून हॉर्न नाही, आडवं येणारं कुत्रं नाही."

कुत्र्याची बातमी त्याच्यापर्यंत पोचली म्हणजे ही बोलली. पण कल्पना मला पटली. प्रश्न एवढाच, की असे गेम पोतंभर आहेत. मेहुणा म्हणाला, "घाई करू नका. एकेक करून बघा. गेम कवळीसारखा असतो, बसला नाही तर जन्मभर टोचतो." एकेक तो आमच्या कॉम्प्युटरवर घालून देणार, आणि जो मनाला शांत करील तो मी घ्यायचा.

कॉम्प्युटर हिच्या शिवणाच्या टेबलावर असतो. ही घरोघरचे पडदे शिवते. "अर्धं टेबल तुमचं," ती म्हणाली, "पण माझ्या मशीनला धक्का लावायचा नाही."

गुरुवार, ६

पहिला गेम बंदुकांचा. खिडकीबाहेर चांदण्या होत्या तोवर छान वाटलं. मग उजवीकडून एक काळं यान आलं. उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं हे माझ्या हाडीमांसी भिनलेलं. मी थांबलो. त्यानं वळून मला उडवलं. दुसऱ्यांदाही थांबलो, दुसऱ्यांदाही उडवलं. मेहुणा म्हणाला, "भाऊजी, तो शत्रू आहे." मी म्हटलं, "शत्रू असला म्हणून काय झालं, नियम तो नियम."

संध्याकाळी रक्तदाब मोजला. सोमवारपेक्षा जास्त. हा गेम रद्द.

शनिवार, ८

परवापासून ही पहाटे ताईबरोबर फिरायला जायला लागली आहे. नणंद-भावजयींचं इतकं गूळपीठ मी प्रथमच पाहतोय. परत येते तेव्हा चेहरा लालबुंद, केस घामानं चिकटलेले. चालायचं म्हणजे किती जोरात चालायचं याला काही धरबंध? मी म्हटलं, "मी येऊ का सोबत?" तर दोघींनी एकदमच "नको" म्हटलं. बायकांच्या गप्पा असणार.

दुसरा गेम व्यापाराचा. एका ग्रहावरून माल भरायचा, दुसऱ्या स्थानकावर उतरवायचा. यान लावायला परवानगी मागायची, रांगेत थांबायचं, नेमलेल्या चौकोनात लावायचं. मला फार आवडला. दुपारभर बसलो. पलीकडचं यान चौकोनाबाहेर शेपूट काढून उभं होतं, ते पाहून माझा असा काही संताप झाला की पाणी प्यावं लागलं. तेव्हा ध्यानात आलं, हे तर आपलंच काम, नुसतं उंचावर नेलेलं. आगीतून फुफाट्यात. हाही रद्द.

मंगळवार, ११

तिसऱ्या गेमला मेहुणा "अभ्यासू" म्हणतो. शत्रू नाही, व्यापार नाही. खरं यान जसं जाईल तसंच जाणार. आपण फक्त चंद्रावर जाऊन उतरायचं.

निघालो. चंद्र जवळ आला, तशी मी ब्रेकची कळ शोधली. सापडेना. मेहुण्याला विचारलं. तो शांतपणे म्हणाला, "नसते."

"नसते म्हणजे?"

"यानाला ब्रेक नसतो, भाऊजी. तिथं हवा नाही, रस्ता नाही, चाक घासणार कशाला? वेग कमी करायचा तर यान उलटं फिरवायचं, पाठ पुढे करायची आणि इंजिन चालू करायचं. तेही खूप आधीपासून."

मला वाटलं हा थट्टा करतोय. ब्रेक नसलेलं वाहन! त्याला रस्त्यावर आणायची, म्हणजे आकाशात न्यायची, परवानगी दिली कुणी? एवढं म्हणेपर्यंत चंद्र अख्ख्या पडद्यावर पसरला. मी काय केलं मला आठवत नाही. ही आणि मेहुणा सांगतात की मी टेबलाखाली पाय झाडला. तिथं विजेचा बोर्ड ठेवलेला, त्याचं बटण माझ्या टाचेखाली आलं. कॉम्प्युटर बंद, पंखा बंद, आणि हिचं मशीन शिवणीच्या ऐन मध्यावर बंद.

"कमाल आहे," मेहुणा म्हणाला. "ब्रेक नव्हता तर यांनी अख्खं विश्वच थांबवलं."

ही हसली नाही. थांबलेल्या सुईतून कापड सोडवत म्हणाली, "माझी शिवण वाकडी गेली. नीट चालली होती."

बुधवार, १२

बोर्ड भिंतीला उंच ठोकून घेतला. तरी मी चंद्रावर आपटतोच. हाही गेम रद्द करणार होतो, पण आज एक गंमत झाली. मी चिडून उठलो, आणि ही माझ्या जागी बसली. "बघू तरी," म्हणाली. मी शेजारच्या स्टुलावर.

हिनं यान वळवलं, इंजिन जरासं लावलं, सोडलं, पुन्हा जरासं लावलं. मी ओरडतोय, "दाब! दाब! आता दाब!" आणि पाय जमिनीवर आपटतोय. ती म्हणाली, "अहो, खाली काय तुडवताय? शेजारचे वर येतील. पाय वर घेऊन बसा बघू."

स्टुलावर मांडी घातली. काय करणार, मांडी घातल्यावर पाय कुठं आपटणार? गप्प बसलो. यान उतरलं. नुसती धूळ उडाली.

"तुला कसं जमलं?" मी विचारलं.

"गोल पडद्याची कड शिवताना कापड असंच घेतात," ती म्हणाली. "वळणाच्या आधीच हळू व्हायचं. वळणावर घाबरून पाय काढला की चुणी पडते."

नवशिक्याचं नशीब म्हणायचं. पण मला एक भन्नाट युक्ती सुचली आहे. महिनाअखेरच्या परीक्षेची तयारी अशीच करायची. रोज संध्याकाळी ही यान चालवणार, मी शेजारी मांडी घालून बसणार. हिला सांगितलं. तिनं फारसे आढेवेढे घेतले नाहीत.

शुक्रवार, १४

हिचा डावा पाय पोटरीपासून दुखतो. उजवा मुळीच नाही. चालून असा एकच पाय कसा दुखतो देव जाणे. मलम चोळून दिलं आणि बूट बदलायला सांगितले.

रविवार, १६

आज मन भरून आलं. हिनं आपणहून माझ्या कामाबद्दल विचारलं. लग्नानंतर सुरुवातीला मी तिला गाडी शिकवायला घेतली होती, पण दुसऱ्याच दिवशी "मला नाही जमायचं" म्हणून ती उतरली ती उतरलीच. मीही आग्रह धरला नाही. पडद्यांचे गठ्ठे आमच्या गाडीतून पोचवायला मी आहेच की. तेव्हापासून हिच्या तोंडून गाडीचा विषय नाही. आणि आज चहा ओतताना म्हणते, "चढावर गाडी थांबली की पुन्हा निघताना मागे का हो जाते?"

मी असा रंगलो म्हणता! ताट तिरपं धरून चढ केला, काडेपेटीची गाडी केली. क्लच कुठवर सोडायचा, गाडी कशी थरथरते, ती थरथर पायाला कळली की मगच हँडब्रेक काढायचा, सगळं सांगितलं. ही डोळे मिटून, डावी टाच किंचित उचलून ऐकत होती. इतकं लक्ष देऊन ऐकणारं शिकाऊ मला सबंध नोकरीत मिळालं नाही.

मंगळवार, १८

फिरून आली ती गुणगुणतच. "जमलं!" म्हणाली. मी विचारलं काय जमलं, तर म्हणाली, "चूण. ती पडद्याची." पडदे शिवून केस पिकायला आले, आणि चूण आज जमली म्हणते.

बुधवार, १९

नको ते पाहिलं.

सकाळी करमेना म्हणून स्कूलवर गेलो. ऑफिस बंद होतं, पण गाडी दारात उभी, बॉनेट गरम. म्हणजे नुकतीच फिरून आली होती. माझी रजा, ताई हिच्याबरोबर फिरायला गेलेली, मग गाडी चालली कशी? आत डोकावलो. ड्रायव्हरची सीट पार पुढे ओढलेली, तिच्यावर उंचीला एक गादी. नवं शिकाऊ बुटकं असावं. शिकाऊ आलं म्हणजे शिकवणाराही आलाच. ताईनं माझ्या जागी गुपचूप माणूस ठेवलाय!

आणि गादीचं कापड आमच्या बैठकीच्या पडद्याचं. निळी वेल, चुकायचं नाव नाही. म्हणजे हिला सगळं ठाऊक आहे. वर त्या लोकांना गादी शिवून देते! माझी सीट जाते आहे आणि घरचंच माणूस बैठक घालून देतंय.

गुरुवार, २०

कशातच लक्ष नाही. गेम लावला नाही. परीक्षा बिरीक्षा सगळं सोंग असणार. मला खरंच भीती वाटते. दुसरं काय येतं मला?

शनिवार, २२

राहवलं नाही. जेवताना विचारलंच, "नवा शिक्षक कसा आहे?"

हिच्या हातातला घास तसाच राहिला. "कोण नवा शिक्षक?"

"माझ्या सीटवर बसतो तो. गादी पाहिली मी."

ही आधी पांढरीफटक पडली. मग हसायला लागली, ती इतकी की डोळ्यांना पदर लावावा लागला. "अहो, तुमच्या सीटवर दुसरं कुणी बसणार नाही, आणि बसलं तर वन्संशिवाय कुणाची छाती आहे?" म्हणाली. ताई हिची वन्सं, त्यामुळे ही तिच्याच बाजूनं बोलणार. पण हसणं खोटं वाटलं नाही, एवढं खरं. थोडं हलकं वाटलं.

संध्याकाळी मेहुणा चौथा गेम घेऊन आला. ह्यात काहीच नाही. उतरायचं नाही, लढायचं नाही, नुसतं ढगांमधून, तारकांमधून तरंगायचं, मागे बासरी. "सगळ्यात शांत गेम हाच," तो म्हणाला. मी बसलो. बासरी ऐकता ऐकता माझा पाय सतत काहीतरी शोधत होता. मला तरंगायला येत नाही.

सोमवार, २४

निर्णय झाला. अभ्यासूच घ्यायचा.

कारण लिहून ठेवतो, कारण मेहुण्याला ते पटलं नाही. तो म्हणाला, "त्यात तर तुम्ही एकदाही धड उतरला नाहीत." खरं आहे. पण आज संध्याकाळी हिनं यान वर नेलं, इंजिन बंद केलं, आणि मग करायला काही उरलंच नाही. इंजिन बंद, तरी यान चाललेलं. पृथ्वी मागे, चंद्र लांब. हिनं हात मांडीवर ठेवले. मी शेजारी. म्हटलं, "आता काय करायचं?" ती म्हणाली, "काही नाही. जायचं." बराच वेळ आम्ही दोघं तसेच बसलो होतो. भाजी करपली. मग तिनं यान वळवलं आणि उतरवलं, आणि मी मांडी घातली नव्हती हे माझ्या नंतर लक्षात आलं.

मी चालवला तर हा गेम डोकेदुखी आहे. हिनं चालवला तर औषध आहे. तेव्हा गेम माझा आणि चालवणार ही, असं ठरलं. मेहुणा बहिणीकडे बघून गालातल्या गालात का हसला, कळलं नाही.

शुक्रवार, २८

ही सकाळपासून घरात नव्हती. आली ती पेढ्यासारखा चेहरा करून. "मोठं काम मिळालं का पडद्यांचं?" विचारलं. "मिळेल आता," म्हणाली, आणि मला उगाचच चहात साखर जास्त घातली.

शनिवार, २९

उद्या परीक्षा. ताईचा फोन आला, "पोट भरून जेवून ये, आणि चपला घालून ये, बूट नको." शिकाऊ कोण, विचारलं. "नवंच आहे," म्हणाली. "घाबरट आहे का?" विचारलं. ताई म्हणाली, "होतं."

नवशिक्याच्या हाती गाडी, आणि मी पाय आवरून बसायचं. यानाचं ठीक होतं हो. ते आपटलं तर पुन्हा सुरू करता येतं.

रविवार, ३०

परत आलो, हातपाय धुतले, आणि जेवायच्या आधी हे लिहितो आहे.

ताई दुपारी दारात आली. स्कूलची गाडी नव्हतीच. म्हणाली, "तुमच्याच गाडीतून जाऊ." मी म्हटलं, "तिला दुसरा ब्रेक नाही." ती म्हणाली, "तेच बरं." आणि मागे जाऊन बसली. मी शेजारच्या सीटवर. शिकाऊची वाट बघतोय, तोच ड्रायव्हरचं दार उघडून ही आत बसली. निळ्या वेलीची गादी खाली सरकवली, आरसा नीट केला, पट्टा लावला. पर्समधून लायसन्स काढून माझ्या मांडीवर ठेवलं. शुक्रवारची तारीख होती; शिकाऊ लायसन्स म्हणे आधीच काढून ठेवलेलं. फोटोत ती घाबरलेली दिसते.

चालणं, पोटरी, चढ, गादी, सगळं एकदम डोक्यात उजेड पडल्यासारखं झालं. मी आधी चिडलो. साऱ्या गावाला माहीत, आणि शिकवायचा धंदा करणारा मी एकटा गाढव! "मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

ती समोर बघतच म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही शिकवायला बसला असतात."

मागून ताई खोकली. राग कुठं गेला ते कळलं नाही. वाईट मात्र वाटलं, आणि त्याच दमात असा अभिमान वाटला की डोळ्यांत पाणी येईल म्हणून मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

निघालो. पहिल्या चौकात माझा पाय ताठ झाला. खाली नुसतं पायपुसणं. हिनं माझ्या आधीच वेग कमी केलेला होता. पुलाच्या चढावर ट्रकमागे थांबलो. मी श्वास धरला. गाडी थरथरली, हिनं ती थरथर पायानं ऐकली, आणि गाडी इंचभरही मागे न जाता निघाली. बाजारातून निघालो. एक सायकलवाला आडवा आला. मला दिसला तेव्हा तिला तो दिसून गेला होता. त्यापुढे बघण्यासारखं काही राहिलं नाही. रस्ता मोकळा होता, ऊन मांडीवर पडत होतं, ताई मागे काहीतरी सांगत होती.

जाग आली तेव्हा दोन्ही बाजूंना ओळखीचं काहीच नव्हतं. सरळ रस्ता, झाडं, संध्याकाळ व्हायला आलेली. माझ्या हनुवटीवर लाळ. मी, मी चालत्या गाडीत झोपलो होतो. दुसरं कुणी चालवत असताना.

"ताई कुठाय?" मी दचकून विचारलं.

"केव्हाच उतरल्या घरी. दार हळू लावा म्हणाले मी." हिचे दोन्ही हात स्टिअरिंगवर, मान सैल. "उद्यापासून कामावर ये म्हणून सांगितलंय. फक्त तिथं घोरायचं नाही म्हणे."

"आणि आपण कुठं आलोय?"

"मला काय माहीत," ती म्हणाली. "घरावरून दोनदा गेलो. थांबवली असती तर तुम्ही जागे झाला असतात."

मी पेट्रोलचा काटा पाहिला. भरपूर होतं. सीटचा खटका ओढला आणि पाठ मागे टाकली.

"जाऊ दे सरळ," मी म्हटलं.